सहावं झाड

आमच्या जेवणाच्या टेबलावर पाच झाडांचा विषय रोज निघतो. घरात एकही झाड नाही. गॅलरीत एक कुंडी आहे, तिला पाणी घालायला मी विसरते आणि चिरंजीव आठवण करून द्यायला विसरतात. पण सून आल्यापासून 'तिसरी आज फार त्रास देतेय', 'पाचवीचे पुंकेसर पुन्हा मोजावे लागणार' असलं बोलणं जेवताना चालतं, आणि नवख्या पाहुण्याला वाटतं की आम्ही नात्यातल्या बायकांची निंदा करतोय.

शेंगा धरणाऱ्या झाडांचं घराणं अवाढव्य आहे. वाटाण्याच्या वेलापासून चार माणसांच्या कवेत न मावणाऱ्या वृक्षांपर्यंत सगळे त्यात आले. त्या घराण्यात एक लहानशी प्रजाती आहे, उष्ण प्रदेशातल्या नदीकाठच्या रानांत वाढणाऱ्या उंच झाडांची. प्रजाती म्हणजे आडनाव समजा आणि जाती म्हणजे नाव. तर या आडनावाची जगात पाचच नावं. सुनेनं आयुष्याची सात वर्षं या पाच जणींवर घातली आहेत. लग्नाला चारच झाली. माझा मुलगा त्यांना 'माझ्या पाच सवती' म्हणतो आणि स्वतःच हसतो.

मी शास्त्रज्ञ नाही. मी चिकटवणारी. एकतीस वर्षं हर्बेरियममध्ये नोकरी केली, म्हणजे वाळवलेल्या झाडांचे नमुने जिथे कपाटांत ठेवतात तिथे. रानातून टीपकागदात दाबून आणलेल्या फांद्या, पानं, फुलं जाड कागदावर नीट मांडायची, डिंकानं चिकटवायची, जाड भाग सुईदोऱ्यानं टाचायचे, कोपऱ्यात लेबल लावायचं. झाला एक शीट तयार. मी काय काम करते हे सांगितलं की लोक म्हणायचे, म्हणजे शाळेतली हस्तकलाच की! हो, तीच. फक्त ती दोनशे वर्षं टिकावी लागते, आणि त्यावर जगभरातले डोकेबाज लोक भांडत बसतात.

सून मला तिथेच मिळाली. विद्यार्थिनी म्हणून आली होती. डिंक किती पातळ करायचा, गाठ कागदाच्या मागे कशी मारायची, हे तिला मी शिकवलं. मला न्यायला येणारा माझा मुलगा पुढे पुढे जरा लवकरच यायला लागला, आणि मग काय व्हायचं ते झालं. त्यामुळे ती मला 'आई' म्हणते तेव्हा त्यात थोडी सासू असते आणि थोडी गुरू. मला त्याचा माज आहे, हे कबूल करते.

त्या बुधवारी संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढताच आत. ताटं मांडली होती. तिनं लॅपटॉप सरळ टेबलावर ठेवला.

"जेवताना मढी नकोत," चिरंजीव म्हणाले. वाळक्या झाडांना तो मढी म्हणतो.

"गप रे. आई, हे बघा. सहावी."

मला माहीत होतं की ती गेली चार वर्षं कशाच्या तरी मागे आहे. पाच जणींखेरीज एक सहावी, कुणी कधी न ओळखलेली, आमच्याच कपाटात 'नाव ठरलेलं नाही' या गठ्ठ्यात पडून होती म्हणे. फुलं हुबेहूब दुसरीसारखी, पण शेंग अगदी निराळी. तिनं सगळं होईपर्यंत मला शीट दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. मला वाटलं, असेल बाई अंधश्रद्धा, शास्त्रज्ञांनाही असतात.

"लेख स्वीकारला त्यांनी. उद्या दोन वाजेपर्यंत शेवटचं प्रूफ तपासून पाठवायचं, की छापायला गेला. सोमवारी मुलाखत. आई, या वेळी तरी कायमची नोकरी मिळेल. दुसऱ्या उमेदवाराकडे नवी जाती नाहीये."

दरवर्षी करार, दरवर्षी जूनमध्ये तिचं तोंड उतरलेलं, हे मी पाहत आले होते. मलाही आनंद झाला. मी चष्मा पुसला आणि पडद्याकडे वाकले.

शीट माझा होता. ते कळायला मला पळभरही वेळ लागला नाही. फांदी डावीकडून उजवीकडे झुकवायची माझी सवय, पानांच्या देठावर कापडी पट्टी तिरकी लावायची माझी खोड. खाली उजव्या हाताला शेंग होती. बोटभर जाड, तपकिरी, कोयत्यासारखी वाकलेली, दोनच सैल टाक्यांनी बसवलेली. मी नेहमी तीन टाके घालते. घट्ट.

घास तोंडात होता, तो गिळायचं राहून गेलं.

*

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीला लागून दोन महिने झाले होते, अजून एक महिना पारखणीचा होता. मुलगा वर्षाचा, त्याचे वडील आजारी, आणि मोठे साहेब म्हणजे साक्षात जमदग्नी. आदल्याच आठवड्यात त्यांनी एका बाईला घरी पाठवलं होतं, कारण तिनं एक फूल उलटं चिकटवलं. ती बाई जाताना रडली नाही. रडलो आम्ही बाकीच्या.

त्या दिवसांत रानकाका एका लांबच्या सफरीवरून आले होते. नमुने गोळा करणारा माणूस, आयुष्य रानात काढलेलं, दाढीतून पानं निघायची. या सफरीत ऊन नव्हतं म्हणून त्यांनी सगळा माल मद्यार्कात भिजवून आणला होता. त्यानं बुरशी लागत नाही, पण वाळल्यावर सगळं कडकडीत ठिसूळ होतं. मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे कुणीतरी सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

त्या झाडाची एकच शेंग आली होती. सरळ, चपटी, पट्टीसारखी, कडेनं बारीक दोरीसारखी कड. मी तिसरा टाका ओढला आणि ती कट्कन मोडली. मोडली म्हणजे दोन तुकडे नव्हेत. चुरा झाला. बिया टेबलाखाली घरंगळल्या.

अशा वेळी काय करायचं याचा नियम अगदी सोपा आहे. चुरा कागदाच्या पाकिटात भरायचा, पाकीट शीटवर चिकटवायचं, आणि साहेबांना सांगायचं. चुरासुद्धा नमुनाच असतो. मी उठले. साहेबांच्या दारापर्यंत गेलेही. आत ते फोनवर कुणावर तरी ओरडत होते. मी परत फिरले.

शेजारच्या टेबलावर एक ट्रे होता. प्रवासात सुटलेलं, नंबराची चिठ्ठी निघून गेलेलं सामान त्यात टाकत. त्यात तीन-चार शेंगा होत्या. त्यातली एक मी उचलली. 'त्याच गाठोड्यातल्या आहेत, त्याच झाडाच्या असणार,' असं स्वतःला सांगितलं. ती वाकडी होती. मोडलेली सरळ होती. 'एकाच झाडाला सरळ-वाकड्या दोन्ही लागतात,' हेही सांगितलं. मग दोनच टाके घातले, सैल, भीतभीत. चुरा केरात गेला.

महिन्यानं मी कायम झाले. रानकाका पुढच्याच वर्षी गेले. ते रान नंतर एका धरणाच्या पाण्याखाली गेलं. शीट कपाटात गेला आणि मी तो विसरले. नाही, खोटं कशाला बोलू. विसरले नाही. आठवायचं थांबवलं.

*

"आई? कशी वाटली?"

"सुंदर," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "पण शेंग... ती दुसऱ्याच कुठल्या झाडाची तर नसेल ना गं? मिसळतं कधी कधी."

वाटलं, ती थबकेल, विचार करेल, मी काही न सांगता तीच शोधून काढेल. भित्र्या माणसाला असंच हवं असतं. आपलं काम दुसऱ्यानं करावं.

तिनं माझा हात धरला. "आई, मी इतकी वर्षं हाच प्रश्न स्वतःला विचारला. झाड तर गेलं, रान बुडालं. डीएनए तपासायला प्रयोगशाळेत पाठवलं तर त्या मद्यार्कामुळे काही निघालं नाही. उरलं काय, तर हा एक कागद. मग म्हटलं, शिवलंय कुणी? तुम्ही. तुमच्या हातचा शीट म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवायचा. लेखात तसं वाक्यच आहे, जरा शास्त्रीय भाषेत."

"झालं," चिरंजीव म्हणाले. "आता आईच्या डोक्यावर मुकुट चढवा."

"मुकुटच चढवलाय." ती लाजली. तिला लाजताना मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "छापल्यावरच सांगणार होते. नाव तुमच्यावरून ठेवलंय, आई. सहावीचं. झाडं शोधणाऱ्यांची नावं झाडांना देतात, पैसे देणाऱ्यांची देतात, राजेरजवाड्यांची देतात. चिकटवणाऱ्या बाईचं कुणी दिलंय का कधी? मी दिलं."

माझ्या मुलानं चक्क टाळ्या वाजवल्या. मग उठून माझ्या डोक्यावर ओठ टेकवले, जे तो दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच करत होता. मी रडायला लागले. दोघांनाही वाटलं, आनंदानं.

झोप येणार नव्हतीच. नवरा हयात असता तर त्याला उठवून सांगितलं असतं, आणि तो म्हणाला असता, 'सकाळी बघू.' मी छताकडे बघत पुन:पुन्हा एकच हिशेब मांडत होते. सांगितलं, तर लेख मागे, नोकरी जवळजवळ गेलीच, आणि तिच्या नजरेतली मी गेले. न सांगितलं, तर एक कधीच नसलेलं झाड माझं नाव लावून जगभरच्या पुस्तकांत उभं राहणार. कुणाला कळणार आहे? रान पाण्याखाली, काका मातीखाली. कळणार फक्त मला. आणि समजा दहा वर्षांनी दुसरा कुणी हुशार निघाला, त्यानं त्या शेंगेचं झाड कुठेतरी दुसरीकडे गाठलं, तर? तर तोंड लपवायची वेळ माझ्यावर नाही, तिच्यावर. माझ्यावर कशाला येईल, मी तोवर सुटलेली असेन. हा विचार आला तेव्हा मी उठून बसले.

*

गुरुवारी सकाळी तिचे बारापर्यंत तास असतात. मी दहालाच हर्बेरियममध्ये पोहोचले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पाय आपोआप वळतात.

हल्ली संग्रह सांभाळायला जो माणूस आहे त्याला आम्ही डांबरगोळी म्हणायचो. तीस वर्षं कपाटांत गोळ्या टाकून टाकून त्याच्या सदऱ्यालाच तो वास चिकटला आहे. स्वभावही तसाच, कीड जवळ येऊ देत नाही.

"मावशी! सूनबाईंचं कळलं आम्हाला. आता तुमचा फोटो लावायचा का भिंतीवर?"

"माणसं मेल्यावर लावतात फोटो," मी म्हणाले. "शीट कुठाय?"

"त्यांच्या टेबलावरच. पण हात धुवा हं आधी."

मला हात धुवायला सांगतो! एरवी मी त्याला सोलून काढला असता. त्या दिवशी निमूट धुतले.

तिच्या टेबलावर प्रूफची पानं पसरलेली, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा. एका पानावर माझं नाव लॅटिनसारखी शेपटी लावून छापलेलं. मी ते पान पालथं घातलं. शेजारी खाकी फोल्डरमध्ये शीट होता.

मी भिंग घेतलं. मनात एकच नवस, जो बोलण्याजोगा नाही: माझी आठवण खोटी निघू दे. म्हातारपणी लोकांना न घडलेलं आठवतं, मलाही तसंच झालेलं असू दे. फांदीवर शेंग तुटून आल्याची खूण शोधली. एक होती, बारीक, मुगाच्या दाण्याएवढी. शेंगेचा देठ पाहिला. करंगळीएवढा जाड. ही शेंग त्या फांदीला कधी लागलेली असणंच शक्य नव्हतं. पोरीनं हे पाहिलं कसं नाही? पाहिलं असणार. पाहून, माझ्या टाक्यांवर विश्वास ठेवून, काहीतरी कारण शोधलं असणार. वाळताना देठ फुगला, खूण आकसली. हुशार माणसाला कारणं सापडायला वेळ लागत नाही.

माझा अंगठा त्या शेंगेवर होता. खरं सांगते, एक क्षण मनात आलं की दाबावा. ठिसूळ तर आहेच. 'बघायला गेले आणि मोडली गं.' त्यानं काही सुटलं नसतं, फोटो होते, मापं होती. तरीही हाताला ते हवं होतं. चौतीस वर्षांनी तोच हात, तीच खोड. मी हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसून राहिले, पोरीसोरी बसतात तशी.

घड्याळात साडेअकरा झाले. मग बारा. मग बारा वाजून दहा. डांबरगोळीनं चहा आणून ठेवला, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

बारा-वीसला ती आली, धापा टाकत. "आई! तुम्ही इथे? बरं झालं. एक नजर तुम्हीही टाका, मग पाठवतेच."

"अगं, ती शेंग मी लावली."

"हो मग, सगळंच तुम्ही लावलंय." ती हसत खुर्ची ओढत होती.

"तसं नाही. ती त्या झाडाची नाही."

ती हसतच राहिली, पण फक्त ओठांनी. "म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं. ठिसूळ शेंग, तिसरा टाका, साहेबांचं दार, बिननंबराचा ट्रे. बोलताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबले तेव्हा तिनं वही उघडली होती.

"मूळची शेंग कशी होती?"

"सरळ. चपटी. कडेला बारीक दोरीसारखी कड."

"बिया?"

"घरंगळल्या. गोल नव्हत्या. चपट्याच, नाण्यासारख्या."

"म्हणजे दुसरी," ती म्हणाली.

फुलं दुसरीची, शेंग दुसरीची. नवी कुणी नव्हतीच. पाच होत्या, पाचच राहिल्या. तिनं लिहायचं थांबवलं आणि पेन्सिल वहीवर आडवी ठेवली, अगदी हळू, जणू तीही मोडेल.

"तुम्हाला तेव्हा दिसलं होतं? की ही वेगळी आहे?"

इथे मला वाट होती. 'नाही गं, तेव्हा मला काय कळत होतं, नवीनच होते.' ती मान हलवून ते मान्य करणार होती. तिला ते हवंही होतं, डोळ्यांत दिसत होतं.

"दिसलं होतं," मी म्हणाले.

"काल रात्री का नाही बोललात? टेबलावर? मी... आम्ही टाळ्या वाजवत होतो."

"घाबरले."

"मला?" तिचा आवाज चढला. "मला घाबरलात? मी काय करणार होते तुम्हाला? चार वर्षं, आई! चार वर्षं मी त्या देठाला बसवत बसले. मला दिसत होतं की तो बसत नाही. मी स्वतःला मूर्ख म्हणत होते, कारण तुमचा टाका चुकणं शक्यच नव्हतं."

माफ कर म्हणाले. ते शब्द तोंडातून निघाल्याबरोबर मला त्यांची लाज वाटली. ती उठून खिडकीपाशी गेली. मग पाठमोरीच म्हणाली, "आणखी किती?"

"काय?"

"असे आणखी किती शीट आहेत?"

मी त्या प्रश्नाला तयार नव्हते. रात्रभर मी तिच्या नोकरीचा विचार केला होता, माझ्या अब्रूचा केला होता. हा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. त्या इमारतीत माझ्या हातचे चाळीस हजारांवर शीट आहेत. लांबलांबून लोक येतात, ते उघडतात, त्यावर पुस्तकं लिहितात. मी एका शेंगेबद्दल बोलले होते. तिला चाळीस हजार कागद हलताना दिसत होते.

"एकच," मी म्हणाले. "देवाशप्पथ. एवढा एकच."

"चाळीस हजारांत एकच."

"हो."

माझा शब्द तसाच टेबलावर पडून राहिला.

पावणेदोनला तिनं संपादकांना कळवलं. चार ओळींचं पत्र. 'नमुन्यातील शेंग अन्य झाडाची असल्याचे निश्चित झाल्याने लेख मागे घेत आहे.' मी म्हटलं, माझं नाव घाल त्यात, लोकांना वाटेल तू चुकलीस. ती म्हणाली, "चुकलेच मी. तुम्ही टाका घातलात, लेख मी लिहिला." सोमवारी मुलाखतीत काय सांगशील, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनंच सांगितलं, "हेच सांगणार. दुसरं काय आहे माझ्याकडे?" मग चेहरा धुवून आली. डोळे लाल होते.

"आता शीटवर चिठ्ठी," ती म्हणाली.

आमच्या धंद्यात शीटवरचं काहीही खोडत नाहीत, काढत नाहीत. चुकीचं लेबलसुद्धा जागेवरच राहतं. चूक कळली की शेजारी एक लहान चिठ्ठी चिकटवायची, दुरुस्ती लिहायची, खाली नाव आणि तारीख. काही जुन्या शीटांवर अशा सहा-सहा चिठ्ठ्या आहेत, शंभर वर्षांचं भांडण एका कोपऱ्यात. मी हजारो चिकटवल्या असतील. लिहिली कधीच नव्हती. तो मान अभ्यासकांचा.

तिनं कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात."

मी लिहिलं: 'शेंग या झाडाची नाही. मूळ शेंग टाचताना मोडली, तिच्या जागी नंबर नसलेल्या ट्रेमधील शेंग लावली.'

"चुकून की जाणून, तेही लिहावं लागेल," ती म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता. दमलेला होता. "पुढे बघणाऱ्याला कळायला हवं."

मी 'जाणून' लिहिलं. खाली पूर्ण नाव, आजची तारीख. अक्षर शाळकरी आलं. डिंक तिनंच लावला, कडा सुती फडक्यानं दाबल्या. मी शिकवलं होतं तसंच.

मला वाटलं, आता ती म्हणेल, घरी जा. मी पिशवी उचललीही. पण तिनं कपाट उघडलं आणि प्रजातीचे सगळे फोल्डर बाहेर काढून टेबलावर रचले. पाची जणी. त्यात माझ्या हातचे एकशे सत्तावीस शीट.

"बसा," ती म्हणाली. "एकेक उघडते. सांगा."

पहिला. "हा?"

"बरोबर. रानकाकांचाच. शेंगा फांदीवरच होत्या, मी हात लावला नाही."

"हा?"

"बरोबर. याचं पाकीट नंतर लावलं, पण फूल त्याच कागदातलं."

"हा?"

"बरोबर."

प्रत्येक वेळी ती कागदाकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होती. वीस झाले, तीस झाले. बरोबर, बरोबर. जितक्या वेळा मी म्हणत होते तितका तो शब्द पोकळ होत होता. तिच्या कपाळावरची आठी तशीच, खुर्चीच्या कडेवर बसलेली, कुठल्याही क्षणी उठणार अशी. खरं बोलत होते, आणि खरं बोलण्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता.

त्रेचाळिसावा शीट. चौथीचा. दोन फांद्या, खाली सुटं फूल चिकटवलेलं. पट्टी तिरकी, म्हणजे माझीच. मी पाहत राहिले. फूल त्या फांदीचं होतं का? कुठून घेतलं होतं? तो दिवस, तो ट्रे, काहीच डोळ्यांपुढे येईना.

"हा?"

बरोबर म्हणणं सोपं होतं. असणारच होतं बरोबर.

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "आठवत नाही. फूल याचंच असेल, पण मी सांगू शकत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग शीटकडे पाहिलं, भिंग घेऊन, बराच वेळ. एक चिठ्ठी घेतली, त्यावर 'फुलाबद्दल शंका' असं लिहिलं आणि शीट बाजूला ठेवला. त्या दिवसात पहिल्यांदाच ती खुर्चीत मागे टेकून बसली.

"बरं, आई," ती म्हणाली. "पुढचा."